बास ड्रममधली गोधडी

नंदकुमार धुरीने वीस वर्षं जोगेश्वरीच्या एका गाळ्यात रॉक बसवलं. पोरं हेरायची, हातात गिटार द्यायची, ग्रुप उभा करायचा. तो मोडला की दुसरा. स्वतःला एकही वाद्य धड येत नव्हतं, पण गाण्यात काय खटकतंय ते तो डोळे मिटून सांगायचा. ग्रुप बदलत गेले. ड्रमर मात्र पहिल्यापासून एकच, चेंबूरचा अंबादास इंगळे.

शहाऐंशी साली ओळखीच्या एका खलाशाने सिंगापूरहून रिदम मशीन आणलं. पाटाएवढा डबा. बटण दाबलं की ड्रम, झांज, सगळं सुरू. त्याला चहा लागत नव्हता आणि त्याची लय सरकत नव्हती. पंधरवडाभर ते ऐकून धुरीने दोन्ही गिटारवाल्यांना निरोप दिला आणि एक कीबोर्डवाला घेतला. अंबादासलाही तो नारळ देणारच होता, पण घाटकोपरचं गणपती मंडळ आडवं आलं. ड्रम दिसले नाहीत तर लोक म्हणतील टेप लावलीय, असं अध्यक्षांचं म्हणणं.

धुरीने तोडगा काढला. अंबादासने बसायचं, हात चालवायचे, आवाज मशीनचा.

"म्हणजे वाजवायचं नाही?"

"दिसायचं. तुझा आवाज मध्ये आला तर सगळी वाट लागेल. ड्रममध्ये कोंबायला घरून काहीतरी जुनं आण."

नाही म्हटलं तर तेवढं बसणंही जाणार, हे अंबादासला कळत होतं. त्याने मालनची, म्हणजे बायकोची, गोधडी आणली. तिने ती आईच्या लुगड्यांची शिवली होती. कशाला हवी, हे त्याने तिला सांगितलं नाही. बास ड्रममध्ये गोधडी गेली, बाकीच्यांत चिंध्या.

कार्यक्रमाला मालन वस्तीतल्या बायकांना घेऊन पुढच्या रांगेत बसली होती. तीन गाणी झकास झाली, कुणाला संशय आला नाही. चौथ्याला मंडळाने हौसेने आणलेले रंगीत दिवे लावले. सगळा मांडव एकाच तारेवर. विजेचा दाब पडला, बल्ब तांबडे झाले आणि मशीन गप्प बसलं. कीबोर्ड रखडत राहिला, गायिका गात राहिली. अंबादासचे हात मात्र चालूच होते, लयीत, एक मात्रा न चुकता. जीव खाऊन ड्रम बडवणारा माणूस आणि आवाज काहीच नाही, असं ते दृश्य. भिंतीवर बसलेली पोरं आधी हसली, मग मांडव.

अंबादास थांबला. गुडघ्यावर बसून त्याने ड्रमच्या भोकातून गोधडी ओढायला घेतली. ती बाहेर आली असती तर त्याला वाजवता आलं असतं, आणि धुरीचं सोंग उघडं पडलं असतं. धुरीने माइक हातात घेतला.

"मंडळी, माफ करा. आमचे ड्रमर आज जरा जास्तच घेऊन आलेत."

शिट्ट्या वाजल्या. अंबादास गोधडीचं टोक मुठीत धरून तसाच राहिला. त्याने जन्मात दारूला हात लावला नव्हता. दरवर्षी विहारात बावीस प्रतिज्ञा म्हणायच्या वेळी पुढे उभा राहून तोच सांगायचा, आणि 'मी दारू पिणार नाही' ही प्रतिज्ञा अख्खी वस्ती त्याच्यामागून म्हणायची.

दुसऱ्या दिवशी तो गाळ्यावर आला. भांडला नाही.

"जागा घे नंदू, ड्रम घे. फक्त माइकवर सांग, मी प्यालो नव्हतो."

मुलुंडच्या कार्यक्रमात सांगतो, असं धुरी म्हणाला. तेव्हा ते त्याच्या मनातही होतं. मुलुंडला स्टेजवर ड्रम नव्हते. खालून कुणीतरी ओरडलं, ड्रमर कुठंय रे? धुरीने माइक तोंडाशी नेला.

"तो शुद्धीवर यायचाय. तोवर मशीनवर भागवू."

मांडव कोसळला. वीस वर्षं पडद्याआड काढलेल्या माणसाने असा हशा कधी घेतला नव्हता. पुढे बोरिवली, अंधेरी, जिथे जाईल तिथे सुरुवात त्याच विनोदाने होऊ लागली. मंडळंच आता मशीन मागू लागली.

वस्तीत अंबादासने सगळं समजावून पाहिलं. पिणारे सगळे असंच बोलतात, असं लोक म्हणाले. मग त्याने गोधडीची गोष्टही सांगून टाकली. तेव्हा शेजारच्या धोंडिरामने विचारलं, "म्हणजे तू वाजवत पण नव्हतास?" त्या वर्षी विहारात प्रतिज्ञा सांगायला दुसऱ्याला उभं केलं.

पुढच्या साली कार्यक्रम चेंबूरलाच होता. सुरू व्हायच्या आधी मालन स्टेजमागे आली.

"भाऊजी, माझी गोधडी."

"वहिनी, अंबादास बरा आहे ना?"

"गोधडी द्या."

ती मशीनभोवती गुंडाळलेली असायची. धुरीने सोडून दिली. मालनने ती झटकली, उसवलेला कोपरा बोटाने चाचपला, घडी घातली.

"आजपण तेच बोलणार?"

"लोकांना सवय झालीय, वहिनी. आणि मी नाव कुठं घेतो त्याचं?"

घडी काखेत मारून ती निघाली. बाहेर पडायची वाट मांडवातूनच होती. धुरी माइकपाशी आला तेव्हा ती मधल्या रांगांपर्यंत पोचली होती. ती बाहेर पडेपर्यंत थांबता आलं असतं. पण फार थांबलं की पब्लिक थंड पडतं, हे त्याला अनुभवाने ठाऊक होतं.

तो बोलला. हशा आला, नेहमीच्या जागी, नेहमीएवढा. मालनने मागे पाहिलं नाही. हसता हसताच लोकांनी गुडघे बाजूला घेऊन तिला वाट दिली. धुरीने बटण दाबलं आणि मशीन सुरू झालं.