पांढऱ्या खुर्च्या

तैवानमधल्या काओश्युंग शहरात, एका छोट्या वेब कंपनीत को शिउ-युन वीसेक वर्षं पानांची रचना करत होती. पेंगहू बेटांच्या बोटींची तिकीट-साइट तिच्याच हातची. पानांचे रंग-आकार ठरवणारी तिची स्टाइलशीट इतकी वाढली होती की दुसरं कोणी तिला हात लावत नसे. मालक चुआङना तेच खुपायचं.

"युन ताई, नवी पद्धत बसवून दाखवा," ते म्हणाले. "जमलं तर पानं तुमचीच. नाहीतर यान-त्सुङ आहेच."

यान-त्सुङ मागच्याच वर्षी लागलेला.

नव्या पद्धतीत वेगळी स्टाइल लिहायची नसते. क्लास म्हणजे तयार नावं: एक क्लास रंग देतो, दुसरा अंतर, तिसरा अक्षरांचा आकार; लागतील ते थेट बटणाला, चौकटीला लावायचे. साइट बांधताना, म्हणजे बिल्ड करताना, ही पद्धत चालवणारं फ्रेमवर्क फाइली चाळतं, ज्या क्लासचं पूर्ण नाव सापडेल तेवढाच ठेवतं आणि बाकीचे गाळतं. शिउ-युनने ते इन्स्टॉल केलं, कॉन्फिग फाइलमध्ये फोल्डर नोंदवले, स्वतःची स्टाइलशीट काढून टाकली. बोटीतल्या खुर्च्यांपाशी मात्र जुनी सवय आड आली. खुर्ची रिकामी की भरलेली ते पाहून रंगाच्या क्लासचं नाव कोड आयत्या वेळी तुकडे जोडून बनवायचा. तरीही चाललं, कारण रंग पाहायला केलेल्या नमुन्याच्या पानावर सगळी नावं पूर्ण लिहिलेली होती.

साइट चढवण्याआधी तिने ते पान पुसलं. पसारा तिला खपत नसे.

छिंगमिंगच्या सणाला पूर्वजांची थडगी झाडायला बेटांवरची माणसं गावी जातात. साइट चढली त्याच सकाळी त्या बोटींची तिकिटं खुली झाली. सगळ्या खुर्च्या पांढऱ्या; रिकामी कुठली, भरलेली कुठली, कळेना. फोन खणखणू लागले.

"सर्व्हर बिघडू नये म्हणून त्यावर ठेवलेल्या खाऊच्या पाकिटाची तारीख उलटली असेल," कोणीतरी म्हणालं. हसलं कोणीच नाही.

यान-त्सुङ तिच्यामागे येऊन उभा राहिला. "ताई, नावं जोडून बनवलीत होय? फ्रेमवर्कला जोडलेली दिसत नाहीत हो. नमुन्यातली दिसत होती, ती तुम्ही पुसलीत."

"कळलं मला. बाजूला हो, उजेड अडवतोयस."

तिने पूर्ण नावं लिहून पुन्हा बिल्ड केलं. रंग आले, तोवर बोटी भरल्या होत्या. न बघता दाबत सुटलेल्यांना जागा मिळाल्या.

चुआङनी आवाज चढवला नाही. "सोमवारपासून फोन तुम्ही घ्या, युन ताई. लोकांशी छान बोलता."

सोमवारी पहिलाच फोन एका म्हाताऱ्याचा. "बाई, माझ्या आईच्या थडग्यावर यंदा कोण जाणार?"

"माफ करा, काका. पुढच्या बोटीसाठी नाव घेऊ?"

"ती तर छिंगमिंग झाल्यावर सुटते ना?"

"हो," शिउ-युन म्हणाली.