एका दाताची बंदूक

"दाजी, संगणकाच्या पडद्यावर तर सगळं हिरवं दिसत हुतं की!"

"दलदलबी वरनं हिरवीच दिसती, योस्टाईन. म्हनून तू तिच्यात गुरं घालतूस व्हय?"

मेव्हण्याकडं न बघता ओडवार टांगेननं बंदुकीची नळी मागून बंद करणारा बोल्ट तेलातून काढला, फडक्यानं कोरडा केला. परीक्षेच्या नेमबाजीला चार दिवस होते. ती पार पडल्याशिवाय एल्क या थोरल्या रानहरणाच्या शिकारीला उभं राहता येत नाही, आणि काल सरावात बोल्ट जड लागला होता.

वसंतात ओडवार खुब्याच्या ऑपरेशनला गेला, तेव्हा योस्टाईननं बंदूक रीतसर उसनी घेतली, दाजीच्याच मेजावर रिकाम्या पुंगळ्यांत दारू घालून तीस काडतुसं भरली, नि बावीस झाडलीसुद्धा.

ओडवारचं काही संगणकाशी वैर नव्हतं. गोळी झाडताना बंदुकीत होणाऱ्या दाबाचा हिशेब मांडणारा प्रोग्रॅम गावात पहिल्यांदा त्यानंच आणला. पण त्याला तो घोड्याच्या दलालासारखा वागवायचा. ऐकायचं सगळं, मानायचं निम्मं. झाडलेल्या पुंगळीत पाणी भरून वजन करायचा, मग तिचं माप आत घालायचा. दारू छापील पुस्तकातल्या सगळ्यात कमी वजनापासून. एकेक गोळी वेगमापकावरून झाडायची, नि वेग पडद्यावरच्या आकड्याच्या वर गेला की हात आवरायचा.

शिवाय दाबाची हद्द त्यानं स्वतः खाली ओढलेली. प्रोग्रॅममधली हद्द नव्या, दोन दातांनी बंद होणाऱ्या बंदुकांची. बापाच्या या जुन्या क्राग बंदुकीचा बोल्ट एकाच दातावर तग धरतो.

"तू काय भरलंस?"

"काडतुसाचं नाव. बाकी त्यानंच भरलं."

"त्याला काय ठावं, माझ्या बंदुकीला दात किती?"

ओडवारनं दातावर खडूची पूड चोळली. दोघं वाट बघत बसले. थोड्या वेळानं दाताच्या मुळाशी पांढऱ्यातून तेलाची केसाएवढी काळी रेघ वर आली.

"पुसून बघ की, डाग आसंल."

त्यानं पुसलं, पुन्हा पूड लावली. रेघ तिथंच; दाताला तडा गेला होता.

"दुसरा बोल्ट बघू. मी इचारतो दुकानात."

"समदे ह्याच्याच वयाचे. कुनी किती सोसलंय, कोन सांगनार?"

"मग माझी घ्या."

"तुझ्या तोफंचा धक्का ह्या खांद्याला सोसंल? दोन गोळ्यांत आडवा हुईन."

दलदलीकाठची, शिकारीत उभं राहायची ओडवारची जागा तेहतीस वर्षांची, त्याच्याआधी बापाची. शिकारीच्या गटात बंदूक नसलेल्याला जागा नसते. खुबा बरा व्हायची वाट त्यानं त्या जागेसाठीच पाहिली होती.

"गटाला काय सांगू, दाजी?"

"ती जागा गटातल्या पोरींपैकी कुनाला द्या म्हनावं. सिग्नेचा नेम बरा हाय."

"आन् तुमी?"

"मी काय? मांस कापाया हाय की."

उरलेली आठ काडतुसं त्यानं डब्यात घालून डब्यावर 'झाडू नये' असं लिहिलं. बोल्ट फडक्यात गुंडाळला. मग काठी घेतली नि लंगडत उताराकडं निघाला. कापलेलं गवत अजून वाळायला तारांवर टाकायचं होतं.