टुंगटुंगवाल्यांची खरखर

मावशीला गाण्याची किळस होती आणि तिची रोजीरोटी गाणं ऐकण्यावर चालायची. देवाला असले विनोद सुचतात कसे, याचा विचार तिनं फारसा केला नाही. सकाळी नाक मुरडायचं आणि कानाला हेडफोन लावायचे, एवढंच तिला ठाऊक.

रेकॉर्डी दाबून काढायच्या कारखान्यात ती लग्नाआधीपासून होती. खाली मोठ्या हॉलमध्ये वाफेवरची प्रेसं, आणि जिन्याच्या तोंडाशी सात नंबरची तिची खोली. भिंतींना, दाराला, छतालासुद्धा जाड लोकरी कापड ठोकलेलं. आत एक खुर्ची, एक टेबल, टेबलावर फिरती तबकडी आणि सुई. प्रेसखालून निघालेल्या प्रत्येक ढिगातली एक रेकॉर्ड तिच्याकडे यायची आणि ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकायची. गाणं नाही, गाण्याच्या खालचं. कुठे टक् होतंय, कुठे खरखरतंय, कुठे बुडबुडा राहून सूर डुगडुगतोय. रेकॉर्ड चांगली असेल तर ती ढिगावर पांढरी चिठ्ठी ठेवायची आणि वाईट असेल तर लाल. लाल चिठ्ठीचा ढीग मागच्या अंगणातल्या चक्कीत जायचा, त्याचा भुगा व्हायचा आणि भुगा वितळून पुन्हा प्रेसखाली यायचा. पांढऱ्या चिठ्ठीच्या ढिगातल्या प्रत्येक पाकिटात सात आकडा छापलेला पांढरा कागद पडायचा. दुकानात जाणकार गिऱ्हाईक आधी तो सात शोधायचं. मावशीचं नाव कुठेच नव्हतं, पण सात होता, आणि तो सात म्हणजेच आपण, असं ती मनोमन धरून चालली होती.

घरी मात्र शांतता लागायची. नवरा न्हावी, स्वभावानं गोड, पण त्याला शीळ घालायची सवय. दिवसभर दुकानात तो हवी तेवढी शीळ घालायचा. घराच्या उंबऱ्याच्या आत शीळ बंद, हा लग्नानंतरचा पहिला कायदा. बिचारा जिन्यावरच शेवटची तान पुरी करून आत यायचा.

टुंगटुंगवाल्यांची पहिली रेकॉर्ड खोलीत आली तेव्हा मावशी नुकतीच त्या खुर्चीवर बसायला लागली होती. तिघं होते. दोघं बटणांची खोकी वाजवायचे आणि एक पोरगी थिजलेल्या आवाजात गायची. त्यांनी स्वतःच्या कंपूला काहीतरी भारदस्त नाव दिलं होतं, पण प्रेसवाल्यांनी पहिल्याच दिवशी टुंगटुंगवाले म्हटलं आणि तेच चिकटलं. ती पहिली रेकॉर्ड ऐकून मावशीला मळमळलं. रिकाम्या डब्यावर नळ गळतोय आणि शेजारी कुणी पोरगी झोपेत बरळतेय, असं तिनं नवऱ्याला सांगितलं. पण रेकॉर्डीत टक् नव्हती, खरखर नव्हती. तिनं पांढरी चिठ्ठी ठेवली. प्रेसवाले हसले तेव्हा ती म्हणाली, “माझ्या आवडीचं आणि माझ्या हाताचं बोलणं नाही.”

दुसऱ्या रेकॉर्डीवर सगळं गाव नाचलं. नवऱ्याच्या दुकानात ती दिवसभर वाजायची आणि कात्रीसुद्धा त्याच तालावर चालायची. एका गिऱ्हाइकाचा कान त्यात थोडक्यात वाचला. मग पोरीनं दोघांतल्या एकाशी लग्न केलं, तेव्हा गोडगोड रेकॉर्ड आली, इतकी गोड की मावशीला दुपारचा डबा जाईना. मग त्यांचं फाटलं, तेव्हा अख्खी रेकॉर्ड रडगाण्याची. भांडण घरात करावं, त्याची रेकॉर्ड काढू नये, असं मावशीचं मत पडलं. पोरगी गेली. उरलेल्या दोघांतल्या एकानं यंत्रातून आवाज काढून गायला सुरुवात केली; पिंपात बसून कुणी तक्रार करावी तसा आवाज. पुढच्या एका रेकॉर्डीत एका बाजूला एकच गाणं होतं आणि त्यात काही घडतच नव्हतं. मावशी ते जांभया दाबत ऐकायची, पण ऐकायची. एका कानानं ऐकून दुसऱ्या कानानं सोडण्याची चैन जगाला असते, तिला नव्हती.

मग रेकॉर्डींचे दिवस गेले. निम्मी प्रेसं विकली आणि उरलेल्यांवर साच्यातून प्लॅस्टिकच्या बादल्या निघायला लागल्या. मावशीला तेव्हा बादल्यांवर टिचकी मारून तडा ओळखायचं काम होतं. ती म्हणायची, बादली बरी, ती गात नाही. पण लाल-पांढऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा तिनं टेबलाच्या खणात जपून ठेवला होता.

काही वर्षांनी शौकिनांना रेकॉर्डींचं वेड पुन्हा लागलं. बादल्या बंद झाल्या, मावशी पुन्हा खुर्चीवर बसली आणि पहिल्याच आठवड्यात समोर कोण, तर टुंगटुंगवाले. त्यांची निवडक गाणी. मग तीच गाणी नव्या पाकिटात. मग तीच, मागे टाळ्यांचा कडकडाट लावून. मग तीच, पण दुसऱ्याच कुणीतरी तोडून-जोडून, ताणून लांबवलेली. शिळ्या कढीला ऊत आणायचा तरी किती. कढी नासली होती आणि लोक वाट्या चाटत होते. मावशीला तोंडात आंबट पाणी यायचं. तरी रेकॉर्डी स्वच्छ होत्या, म्हणून पांढऱ्या चिठ्ठ्या जात राहिल्या.

एका दुपारी त्यांच्यातला एक जण स्वतः कारखान्यात आला. पहिल्या पाकिटावर त्याचे केस डोळ्यांवर आले होते, म्हणून प्रेसवाले त्याला झुलपेवाला म्हणायचे. आता डोकं पेरूसारखं गुळगुळीत झालं होतं, तरी नाव तेच. मावशीच्या खोलीच्या कोपऱ्यात खराब रेकॉर्डींची चळत असायची. दर प्रकारच्या दोषाची एकेक रेकॉर्ड ती चक्कीतून वाचवून ठेवायची, नव्या माणसाला ऐकवायला. ही ओलीची खरखर, ही धुळीची, ही साचा झिजल्याची. त्यांत टुंगटुंगवाल्यांच्याही होत्या. झुलपेवाल्यानं त्या आठवण म्हणून मागितल्या. कारखान्याचे साहेब द्या म्हणाले. मावशीनं दिल्या. घाणीची कुणाला आठवण हवी असते, हे तिला कळलं नाही, पण तिनं विचारलंही नाही.

आणि मग त्यांची नवी रेकॉर्ड आली. तिनं सुई ठेवली आणि पहिल्याच वळणाला खरखर. तिनं लाल चिठ्ठी ठेवली. प्रेसवाल्यांनी प्रेस धुतलं, पुन्हा ढीग काढला, पुन्हा खरखर, पुन्हा लाल. साचा बदलला, माल बदलला, तरी तेच. ढिगामागून ढीग चक्कीत गेले. प्रेसवाले कुजबुजायला लागले की मावशीचे कान गेले. साहेबांनी तोंडावर काही म्हटलं नाही, फक्त तब्येतीची चौकशी केली, आणि ती चौकशी तिला थोबाडीत मारल्यासारखी लागली. कान गेले तर ती कोण? ती न सांगता कानाच्या डॉक्टरकडे गेली, काचेच्या पेटीत बसून बारीक शिट्ट्या ऐकून आली. डॉक्टर म्हणाला, तुमच्या वयाला असे कान मी पाहिले नाहीत. ती रस्त्यानं येताना एकटीच हसली.

दुसऱ्या दिवशी साहेब जिना चढून वर आले. चूक प्रेसची नाही आणि मावशीचीही नाही, म्हणाले. आत्ता टुंगटुंगवाल्यांशी बोलणं झालं. खरखर मुद्दाम घातलेली आहे.

मावशीनं रेकॉर्ड पुन्हा लावली. यावेळी तिला ओळख पटली. पहिल्या गाण्याखाली ओलीची खरखर होती, रडगाण्याच्या रेकॉर्डीतली. तिसऱ्या गाण्याखाली झिजल्या साच्याची. तिनं आयुष्यभर वेचून बाहेर टाकलेली घाण त्यांनी उचलून गाण्यावर शिंपडली होती. तिला खरोखर शिसारी आली. तिनं हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि हात पदराला पुसले.

झुलपेवाला भेटायला आला तो हसतमुख. नवं गाणं फार स्वच्छ निघतं, त्यात जीव वाटत नाही, म्हणून हे केलं, असं त्यानं समजावलं. आणि आता प्रत्येक पाकिटात जुन्यासारखाच तो पांढरा सात हवा, लोकांना त्याचं फार अप्रूप आहे.

“अहो, ती मी फेकून दिलेली खरखर आहे,” मावशी म्हणाली.

“म्हणून तर, मावशी. तुमचीच आहे ती.”

“माझी नाही. मी ती आयुष्यभर बाहेर ठेवली. या रेकॉर्डीत माझा पांढरा सात जाणार नाही. तुम्हाला चिठ्ठीच हवी असेल तर लाल घाला.”

त्यानं मान खाली घातली. मावशीला वाटलं, लाजला. पण त्याचे डोळे चमकत होते.

“मावशी,” तो हळूच म्हणाला, “हे तर फारच सुंदर आहे.”

आठवड्यात लाल चिठ्ठ्या छापून आल्या, चांगल्या जाड कागदावर, वर मोठा सात. प्रत्येक पाकिटात एक. रेकॉर्ड धो धो खपली. मग दुसऱ्या गाणाऱ्यांनीही विचारलं, आम्हाला लाल चिठ्ठी मिळेल का. साहेब मावशीला म्हणाले, तुमच्यामुळे कारखान्याचं भलं झालं. ती रोज हेडफोन लावून खोट्या खरखरीखाली खरी खरखर आहे का ते शोधत बसायची. ओकारीत माशी पडलीय का ते बघायचं काम, असं ती नवऱ्याला म्हणाली, आणि त्या दिवशी दोघंही जेवले नाहीत.

आता पाकिटात लाल चिठ्ठी जायची, म्हणून त्या रेकॉर्डीचा चांगला ढीगही खाली जायचा तो वर लाल चिठ्ठी ठेवून. मग खरोखरच खराब ढीग निघाला तर त्यावर काय ठेवायचं, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. मावशीच्याही नाही. आणि तसा ढीग एका सकाळी निघाला. साच्याला तडा गेला होता आणि दुसऱ्या गाण्यात दर वळणाला ठक् असा दणका बसत होता. मावशीला किती दिवसांनी बरं वाटलं. हा खरा दोष, तिच्या कामाचा. तिनं जन्मभराच्या सवयीनं लाल चिठ्ठी ठेवली आणि ढीग खाली पाठवला. दुपारी चक्कीचा आवाज आला नाही म्हणून ती खाली उतरली, तर गाडी भरून निघून गेली होती.

पॅकिंगवाली बाई गरीब, कामाला चोख. तिचा चेहरा उतरला. “मावशी, लाल होती ना. लाल म्हणजे जायचीच की.”

मावशी साहेबांकडे गेली आणि गाडी परत बोलवा म्हणाली. साहेब म्हणाले, तक्रारी येतीलच, आल्या की बदलून देऊ. मावशी तक्रारींची वाट बघत राहिली. दुकानदाराचा फोन आला की जिन्यावरून कान द्यायची. एकही रेकॉर्ड परत आली नाही. महिना गेला, एकही नाही. तेव्हा तिनं कानाला खडा लावला, उरलेल्या खऱ्या लाल चिठ्ठ्या चुलीत घालण्यासाठी पिशवीत भरल्या आणि खुर्ची सोडली. निरोपाच्या दिवशी तिला भेट म्हणून टुंगटुंगवाल्यांच्या सगळ्या रेकॉर्डींचा संच मिळाला. तो तिनं पॅकिंगवालीला देऊन टाकला.

नवऱ्याला या संचाचं ठाऊक नव्हतं. पाकिटात तिचा सात आहे, तिला बरं वाटेल म्हणून त्यानं बाजारातून त्यांची नवी रेकॉर्ड आणली, दुकानातला जुना प्लेअर घरी आणून लावला आणि डोळे मिटून ऐकायला बसला. मावशी आत भांडी घासत होती. दुसरं गाणं सुरू झालं आणि ठक्. पुन्हा ठक्. ती राखेच्या हातानं बाहेर आली.

“हे त्यांचं नाही,” ती म्हणाली. “हा आपला तडा आहे. ही चक्कीत जायला हवी होती.”

“कुठला?” नवऱ्यानं विचारलं.

तिनं सुई मागे घेतली, ऐकवलं. बोटानं ठक् दाखवला. पुन्हा ऐकवलं. तो मनापासून ऐकत होता, कपाळाला आठ्या घालून, तिच्यासाठी. शेवटी त्यानं मान हलवली.

“मला सगळं सारखंच वाटतंय ग. छान वाटतंय.”

मावशीनं सुई उचलून बाजूला ठेवली. खोलीत शांतता झाली, पण ती तिला आज खायला उठली. ती जमिनीवर बसली आणि तिनं हात पदराला पुसले.

“त्यापेक्षा तुम्ही शीळ घाला,” ती म्हणाली.

त्यानं आधी दाराकडे पाहिलं, मग तिच्याकडे. मग घराच्या आत, आयुष्यात पहिल्यांदा, त्यानं शीळ घातली. ती बेसूर होती, मध्येच हवा सुटत होती, आणि मावशी शेवटपर्यंत ऐकत बसली.