सुलभाताईंनी फिरवलेला ब्लॉक

सुलभाताई गेल्याचं त्यांच्या भावाने फोनवर सांगितलं, तेव्हा मी वर्गात फळ्यावर जबड्याच्या सांध्याचं चित्र काढत होते. "सकाळी चहा घेतला आणि बसल्या जागीच गेली," एवढंच ते म्हणाले. मी मुलांना सोडलं नाही. चित्र पूर्ण केलं, तास संपवला आणि मग विक्रोळीला त्यांच्या घरी गेले... अर्धवट टाकलेलं काम ताईंना चालत नसे.

अंधेरीच्या ज्या डेंटल कॉलेजात मी आज शिकवते, तिथेच माझ्या शिक्षणाच्या काळात त्या लॅब टेक्निशियन होत्या. माझा प्रबंध जबड्याच्या सांध्यातल्या चकतीवर होता. कानापुढे बोट ठेवून तोंड उघडलं की जो सांधा हलतो, त्याच्या दोन हाडांमध्ये ही लहानशी चिवट गादी असते. तिच्यातले तंतू कुठल्या दिशेने धावतात, हे मला सूक्ष्मदर्शकाखाली दाखवायचं होतं. पण माझ्या एकूण एक काचांवर चकतीच्या मधल्या भागात नुसते ठिपके दिसत. "टिश्यू खराब झालाय, विषय बदल," असं माझ्या मार्गदर्शक सरांनी सांगून टाकलं. मी लॅबमधल्या स्टुलावर बसून रडत होते, तेव्हा ताईंनी माझी काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून पाहिली.

"खराब असता तर ठिपके एवढे स्वच्छ आले असते का गं? दोऱ्यांची जुडी आडवी कापलीस तर टोकंच दिसणार ना. ब्लॉक फिरवू या."

ब्लॉक म्हणजे चकतीचा तुकडा ज्यात बसवलेला असतो तो मेणाचा ठोकळा. कापण्याजोगा एकच उरला होता. सर म्हणाले, "वाया गेला तर जबाबदार कोण?"

"मी. लिहून देते," ताई म्हणाल्या, आणि खरंच लिहून दिलं. मेण वितळवून त्यांनी तुकडा वळवला, पुन्हा बसवला. पहिल्या दिवशी सगळे छेद, म्हणजे ब्लॉकचे पातळ काप, फाटले. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी त्यांनी पातं बदललं, ब्लॉक बर्फावर ठेवला आणि कोणाशी न बोलता कापत राहिल्या... दुपारी कोमट पाण्यावर तरंगणारी छेदांची एक अखंड पट्टी त्यांनी अलगद काचेवर घेतली. रंगवून पाहिलं, तर ठिपक्यांच्या जागी तंतू होते. पुढून मागे धावणारे, शेजारी शेजारी, किंचित नागमोडी. आणि कडेच्या जाड भागात शिरताना तिथल्या आडव्या तंतूंत गुंतत जाणारे.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "हे छेद कोणी घेतले?" ताई शेजारच्या टेबलावर काचा लावत होत्या. मी म्हणाले, "मी."

त्यांनी पुढची काच लावली. आठवड्याने मी लॅबमध्ये जाऊन म्हटलं, "ताई, त्या दिवशी मी खोटं बोलले."

"ऐकलं ना मी. तिथेच तर होते." त्यांनी छेद घ्यायच्या यंत्रावरचं झाकण काढलं. "बस इथे. कापायला शीक. म्हणजे पुढच्या वेळी खोटं बोलायला लागणार नाही."

पुढे वर्षभर दर शनिवारी त्यांनी मला शिकवलं. लाडीगोडी नाही. हात चुकला की "थांब," एवढंच. बोट कापलं तर पट्टी बांधून पुन्हा बसवायच्या. माफ केलं, असं त्या कधी म्हणाल्या नाहीत, आणि विचारायची माझी हिंमत झाली नाही... पण माझ्या हातून पहिली अखंड पट्टी निघाली, तेव्हा त्यांनी डब्यातलं अर्धं घावन माझ्यापुढे सरकवलं.

गेल्या आठवड्यात मी विभागाच्या कपाटातून माझ्या प्रबंधाची काचपेटी काढली. लेबलांवर माझंच नाव, माझ्याच अक्षरात. आमच्या विभागप्रमुख म्हणाल्या, "आता हे कोण बघणार आहे गं?"

"पुढची बॅच," मी म्हटलं.

ग्रंथालयातल्या प्रबंधाला दुरुस्तीचं पान जोडायला मिळावं म्हणून अर्ज दिलाय. परवानगी येईल तेव्हा येईल. काचांसाठी मी परवानगी मागितली नाही. एकेक काच उजेडाकडे धरली, जुनं लेबल सोललं आणि नवं लावलं. छेद : सुलभा परब.