दाजींचा निळा

जगातले सगळे रंग चुकलेत आणि ते दुरुस्त करायची जबाबदारी आपल्या एकट्यावर आहे, अशी आमच्या दाजींची पक्की समजूत आहे. दाजी म्हणजे माझ्या ताईचा नवरा. चाकणला एका कंपनीत पेंट शॉपला आहेत, गाड्यांच्या टाक्यांवरचा रंग बरोबर आलाय का ते तपासायचं काम. आता सुट्टी झाली की माणसाने ते काम कंपनीतच ठेवून यावं ना? छे! कंपनीची बस दिघीला थांबली की दाजींच्या मागोमाग ते कामही उतरतं. भाजीवाल्याचा टोमॅटो हे उन्हात नेऊन बघतात, "त्याच्या बल्बवर भरवसा नाही" म्हणून. माझ्या मैत्रिणीच्या लग्नात पानातल्या जिलबीकडे टक लावून म्हणाले, "पिवळा जरा वर गेलाय." आणि मग तीच जिलबी दोनदा मागून खाल्ली!

अशा माणसाने फोटो प्रिंटर घेतल्यावर घराचं काय होणार सांगा! कॉम्प्युटरची खोली यांनी करड्या रंगाने रंगवून घेतली, कारण रंगीत भिंतीचा उजेड स्क्रीनवर पडतो म्हणे. ताई वैतागून म्हणाली, "अहो, लोकांना वाटतं प्लास्टर करून पैसे संपले!" मी एकदा केशरी ड्रेस घालून आत गेले तर मला दारातच अडवलं. "मेव्हणीबाई, तुमच्यामुळे सगळे चेहरे कावीळ झाल्यासारखे दिसायला लागलेत. बाहेर बसा." आणि मी आकुर्डीहून दोन बस बदलून गेले होते हो! प्रिंटरमधून गुलाबी ढग, जांभळं आकाश असं काही आलं की हे नोझल साफ करायला घेणार. त्यात निम्मी शाई संपणार. ताई म्हणते, घरात मुलांच्या आंघोळी चुकतात, प्रिंटरची चुकत नाही. मग एके दिवशी यांना खरा आजार सापडला. फोटोचं सॉफ्टवेअर रंग दुरुस्त करतं, आणि तेच रंग प्रिंटरचं सॉफ्टवेअर परत दुरुस्त करतं! "अगं, एकाच भाजीत सासूपण मीठ घालतीय आणि सूनपण," हे सांगताना दाजी इतके खूश की ताईच्या सासूबाई शेजारीच बसल्यात याचंही भान नाही. त्यांनी यातलं एक मीठ बंद केलं. पण अपडेट आला की ते आपोआप परत सुरू! दाजी परत बंद करणार. असा संसार चाललेला.

तर झालं काय, दाजींच्या वडिलांचं पहिल्या स्मृतिदिनाचं पुण्यानुमोदन जवळ आलं. त्या दिवशी हॉलमध्ये वडिलांचा मोठा फोटो लावायचा होता. रिटायर झाले त्या दिवशी कंपनीच्या गेटसमोर काढलेला, अंगात कंपनीचा निळा शर्ट. दाजींनी जीव ओतून प्रिंट काढली आणि आईसमोर धरली. मावशी, म्हणजे ताईच्या सासूबाई, मूळच्या परभणीकडच्या. बघितलं आणि म्हणाल्या, "शर्ट हिरवा दिसायलाय की रं."

झालं! दाजींनी स्क्रीन तपासली, कागद बदलला, शाई बदलली, ते मीठ परत सुरू झालं नाही ना बघितलं. दुसरी प्रिंट. "हिरवाच हाय." तिसरी. "आता मळका दिसायलाय. अरं, जन्मभर मी धुतलाय तो शर्ट, मला सांगतो व्हय?" दाजी बिचारे जेवेनात. बापाचा शर्ट आईच्या मनासारखा होत नाही म्हणजे काय! शेवटी मावशीच म्हणाल्या, "कागदच असा पिवळा आणल्यावर शर्ट निळा कसा यील?"

दाजींनी नवीन पाकीट फोडून कोरा कागद पुढे केला. पांढराशुभ्र. "आई, हा?"

"ह्यो पण पिवळाच."

रंग तपासायला उभं करायच्या आधी कंपनी दरवर्षी दाजींचे डोळे तपासते. त्या माणसाने कॅमेऱ्यापासून कागदापर्यंत सगळं तपासलं होतं, आईचे डोळे सोडून. ताई हळूच म्हणाली, "म्हणून सुई ओवायला मला हाका मारता होय?" मावशींनी तोंड फिरवलं. मोतीबिंदू आहे हे त्यांना माहीत होतं. "आपरेशन म्हणलं की धडकी भरती बाई मला."

त्या दिवशी दाजींनी आईला करड्या खोलीत नेऊन कॉम्प्युटरसमोर बसवलं, तेही तिच्या पिवळ्या लुगड्यासकट! "तू सांग, आई." मावशी सांगत गेल्या, "अजून. अजून निळा. थांब... हां, आले बघ." आले म्हणजे ताईचे सासरे. आम्हाला दिसत होतं की सासरे शाईच्या दौतीत बुडवून काढल्यासारखे झालेत. दाजींनी तोच फोटो मोठा छापून हॉलमध्ये लावला.

पुण्यानुमोदनाला त्यांच्या पेंट शॉपमधला दोस्त आला होता. त्याला राहवलं नाही. "भावा, निळा लई झाला राव!" दाजी नुसतं "असू दे" म्हणाले. पण मावशींनी ऐकलं. पाहुणे गेल्यावर लेकाला विचारलं, "खरंच लई निळाय का रं?" दाजींना आईशी खोटं बोलता आलं नाही. मावशी उठून फोटोच्या अगदी जवळ गेल्या. मग म्हणाल्या, "सगळ्यास्नी एक अन् मलाच एक दिसायलेत. घे बाबा, कर ते आपरेशन."

ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर घरी आल्या आणि हॉलमध्ये हसत सुटल्या. "अरं देवा, काय करून ठिवलंस रं ह्यांचं!" दाजी याचीच वाट बघत होते. खरी, बरोबर रंगांची प्रिंट त्यांनी लगेच आणून आईच्या हातात दिली. मावशींनी शर्ट बघितला आणि मान डोलावली. मग त्यांचं बोट शर्टावरून वर चेहऱ्याकडे सरकलं.

"केस लई पांढरे झालते का रं ह्यांचे?"

आमचे दाजी, जिलबीचा पिवळा न सोडणारा माणूस, चाचरत म्हणाले, "थोडे काळे करून देऊ, आई?"

"नको," मावशी म्हणाल्या. "तसेच असतील. मलाच दिसले न्हाईत."