पेटी एसीतच होती

काही गाणी अमर असतात. हे वाक्य माझं आहे. गेल्या हिवाळ्यात मस्कतच्या अझैबा भागातल्या एका रेस्टॉरंटच्या वरच्या हॉलमध्ये, इस्माईलचाचांच्या शोकसभेत, मी ते कागदावरून वाचून दाखवलं. लोकांनी माना हलवल्या. दुसऱ्या दिवशी ते व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलं — मेणबत्तीच्या चित्रावर, गुलाबी अक्षरांत, खाली माझं नाव. अजूनही कुणीतरी मधूनच पाठवतं.

त्या वाक्याच्या मागे काय आहे ते मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि तिला मी एरवी नको तेसुद्धा सांगत असतो. तुम्हाला सांगतोय — का? तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच बहुधा कारण असावं.

आधी हे सगळं काय होतं ते सांगायला हवं. मस्कतमध्ये दर शुक्रवारी दुपारी पस्तीस-चाळीस माणसं त्या हॉलमध्ये जमतात आणि साठ-सत्तरच्या दशकांतल्या अमेरिकन सोल गाण्यांवर नाचतात. सोल म्हणजे तिथल्या काळ्या गायकांची, छोट्या छोट्या कंपन्यांनी काढलेली गाणी. बरीचशी तेव्हा खपलीच नाहीत. न खपलेल्या रेकॉर्डी इंग्लंडच्या उत्तरेत पोचल्या, तिथले कामगार त्यांवर नाचायला लागले, आणि एका बंदरावर त्यांच्यात एक खलाशी शिरला — रत्नागिरीच्या खाडीकाठचा, वय बावीस, जहाजावर भांडी घासणारा. ते इस्माईलचाचा. पुढे जहाज सोडून ते मस्कतला आले, हमरियात घड्याळदुरुस्तीचं दुकान टाकलं आणि दुकानाच्या वरच्या खोलीत चाळीस वर्षं राहिले. येताना सोबत पत्र्याची एक पेटी होती. पेटीत दोनशे बारा रेकॉर्डी.

आमच्यात नाचायला कोण येत नाही? गोव्याच्या ग्लोरिया टीचर येतात, केरळच्या दोन नर्स येतात, दिशदाशाचा, म्हणजे त्या लांब पांढऱ्या झग्याचा, घोळ एका हातानं सावरत गिरक्या घेणारा एक निवृत्त ओमानी बँकवाला येतो. बूट घसरावेत म्हणून फरशीवर बेबी पावडर टाकायची पद्धत आहे. हॉलचा मॅनेजर दर शुक्रवारी कपाळाला हात लावतो आणि दर शुक्रवारी हॉल देतो.

नियम दोनच. रेकॉर्ड अस्सल हवी — फोनवरून काही वाजवायचं नाही. आणि मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या, अजानीआधी हॉल रिकामा करताना शेवटचं गाणं एकच, ठरलेलं.

ते गाणं. त्यात एक माणूस आपल्या बाईला सांगतो, मी चाललो. दोन मिनिटं चाळीस सेकंद तेच सांगतो. जात मात्र नाही. सुरुवातीला चार टाळ्या आहेत. त्या टाळ्या वाजल्या की समोसा तोंडात असलेला माणूससुद्धा फरशीवर धावतो. जगभर या गाण्यांच्या शौकिनांचं असंच आहे म्हणतात. दहा-बारा गाणी झिजेपर्यंत वाजलेली असतात आणि त्यांचं मन भरत नाही. मी ते गाणं अकरा वर्षं, दर शुक्रवारी ऐकलं.

मी नाचत नाही. मी वाचतो. अल् खुवैरच्या एका ऑफिसात बांधकामाचे अंदाज काढतो, आणि उरलेल्या वेळात कुठल्या गाण्यात ढोल कुणी वाजवला, कुठली कंपनी कधी बुडाली, हे वाचतो. दुर्मिळ रेकॉर्डी मागवतो. चाचा मला पंडित म्हणायचे. मी ती पदवी समजायचो — किती दिवस, ते सांगायला लाज वाटते.

चाचा मधली पंधरा मिनिटं मला वाजवायला द्यायचे. मी कुणीही न ऐकलेलं काहीतरी लावायचो. फरशी रिकामी व्हायची. लोक चहाकडे वळायचे, टॉयलेटला जायचे, फोन करायचे. एकदा ग्लोरिया टीचर हसत म्हणाल्या, "अरे, पंडितची गाणी लागली, म्हणजे ब्रेक झाला!" सगळे हसले. मीही हसलो. चाचांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तुझी गाणी हुशार हायत रे. पाय हुशार नसतात." मग त्यांनी त्या चार टाळ्या लावल्या. फरशी भरायला किती वेळ लागला असेल? मी मोजला नाही. मोजण्याइतका तो नव्हताच.

त्यांनी ते प्रेमानं म्हटलं होतं. मला तेव्हाही कळलं होतं. म्हणजे गैरसमज झाला असं म्हणायची सोय नाही.

आता पेटी. चाचांची नजर कमी झाल्यापासून त्यांनी गाडी सोडली होती. गुरुवारी संध्याकाळी मी हमरियातून पेटी उचलायचो, रात्रभर माझ्या घरी ठेवायचो, शुक्रवारी हॉलवर न्यायचो. जुम्म्याची नमाज आणि जेवण झाल्यावर चाचा कुणाच्या तरी गाडीतून थेट यायचे. पेटी देताना दर वेळी तेच वाक्य — "गाडीत ठेवू नको हां, पंडित. आंब्यावानी पिकतील." दर वेळी मी म्हणायचो, "नाही चाचा, एसीत ठेवतो." इथं उन्हाळ्यात बंद गाडीत काय होतं हे इथल्या कुणालाही सांगावं लागत नाही. माझ्या मुलीचे मेणाचे खडू एकदा मागच्या सीटवर राहिले होते. ती सीट अजून तशीच आहे, जांभळी.

आणि चाचांचा मुलगा, नईम. रत्नागिरीत त्याचं औषधाचं दुकान आहे. ही गोष्ट घडली त्या वर्षी चाचा विसरायला लागले होते — फार नाही. एकदा दुकानाचं शटर उघडंच टाकून नमाजेला गेले. एकदा नईमला एका तासात दोनदा फोन करून तेच विचारलं. नईमला ते एकटे नको होते. चाचांना जायचं नव्हतं. इथं दुकान होतं, मशीद खालीच होती, शुक्रवार होता. तिकडे काय होतं? नातवंडांची खोली आणि टीव्ही. एका गुरुवारी मी पेटी घ्यायला गेलो तेव्हा ते फोनवर होते, स्पीकर लावून, मोठ्यानं. "माज्या पेटीत दोनशे बारा हायत," ते नईमला सांगत होते, "अंधारात हात घाल म्हण, कुठली पायजे ती काडून देतो. त्या पेटीत माजी चूक झाली ना, त्या दिवशी तू म्हणशील तिकडं येतो. खलास." पलीकडून नईम म्हणाला, "वादा?" "वादा." मग माझ्याकडे बघून डोळा मारला आणि पेटी पुढे सरकवली.

हे मी ऐकलं होतं. ब्रेकवाला शुक्रवार त्यानंतर आला. हा क्रम महत्त्वाचा आहे, म्हणून सांगतोय.

पुढच्या शुक्रवारी — जून होता — दुपारी बाराच्या सुमारास मी पेटी उघडली. त्या चार टाळ्यांची रेकॉर्ड शेवटून तिसऱ्या जागी असायची. मी ती कागदी पाकिटासकट काढली, खाली गेलो, गाडीच्या मागच्या काचेखाली ठेवली, वर आलो आणि जेवलो. वरण-भात होता. बायकोनं विचारलं, खाली कशाला गेला होतास? मी म्हणालो, काच उघडी राहिली असं वाटलं.

तेव्हापासून मी स्वतःला सांगत आलो की मला एकच शुक्रवार त्या गाण्याशिवाय हवा होता. मग मी ती नुसती कपाटात का ठेवली नाही? घरी राहिली असं म्हणता आलं असतं. कपाट चार पावलांवर होतं. गाडी तीन मजले खाली होती.

तीन वाजता मी ती पुन्हा पेटीत ठेवली, शेवटून तिसरी. पाकिटातून वाकडेपणा दिसत नव्हता. बोटांना कळत होता.

त्या संध्याकाळी शेवटचं गाणं लावायची वेळ आली. चाचांनी न बघता हात घातला आणि बरोबर तीच काढली. पाकिटातून बाहेर घेतली आणि थांबले. कडेनं पापडासारखी लाट आली होती. तरी त्यांनी ती लावली. दोन टाळ्या वाजल्या, सुई उडाली. पुन्हा दोन टाळ्या. पुन्हा उडाली. फरशीवर चाळीस माणसं पवित्रा घेऊन उभी होती. कुणीतरी हसलं, मग हसणं बंद झालं.

चाचांनी सुई उचलली. माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "पंडित, गाडीत राह्यली काय?"

त्या प्रश्नात आरोप नव्हता, हे तुम्हाला कळायला हवं. उलट, मी हो म्हणावं असं त्यांना वाटत होतं. मी हो म्हटलं असतं तर त्यांनी दोन शिव्या घातल्या असत्या, ग्लोरिया टीचरनी चार, आणि विषय संपला असता.

मी म्हणालो, "नाही चाचा. पेटी एसीतच होती."

पेटी खरंच एसीत होती. या वाक्यात एकही शब्द खोटा नाही. मी अंदाज काढणारा माणूस आहे. कुठलं वाक्य कागदावर टिकतं हे मला कळतं. आणि एवढ्यावर मी थांबलो का? नाही. मी म्हणालो, "तुमच्याकडेच झालं असेल. तुमच्या खिडकीत ऊन येतं ना."

त्यांनी रेकॉर्डच्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "बुधवारी पुसायला काडलेली." थोडं थांबून, "परत ठेवलेली का, ते..." बुधवारी ठेवली होती त्यांनी. आम्ही बोलत होतो त्याच्या सहा-साडेसहा तास आधी ती मीच तिच्या जागेवरून काढली होती. त्या हॉलमध्ये हे मला एकट्याला माहीत होतं.

नईमला फोन चाचांनी स्वतःच केला. मी तिथे नव्हतो, त्यांनीच नंतर सांगितलं — वादा म्हणजे वादा. दुकान आवरायला पाच आठवडे लागले. त्या पाच आठवड्यांत मी हमरियात सात-आठ वेळा गेलो. खोकी बांधली. त्यांच्या अर्बाबकडे, म्हणजे दुकान ज्याच्या नावावर होतं त्या ओमानी मालकाकडे, कागदांवर सह्या घ्यायला त्यांना माझ्याच गाडीतून नेलं. अर्बाबनं त्यांना मिठी मारली. चाळीस वर्षांची ओळख, दोघांचेही दात लावलेले. जाताना गाडीत चाचा मागच्या काचेकडे पाठ करून बसले होते. त्या पाच आठवड्यांत बोलायला जागा नव्हती असं मी म्हणू शकत नाही. गाडीत आम्ही दोघंच असायचो.

विमानतळावर नेण्याआधी त्यांनी पेटी माझ्या हातात दिली. मी नको म्हटलं. ते म्हणाले, "तुझ्याकडंच बरी. तू एसीत ठेवतोस."

मला त्या वेळी काय वाटलं? लोक अशा ठिकाणी पोटात खड्डा पडला वगैरे लिहितात. मला पेटी जड लागली. मी ती दोन्ही हातांनी धरली आणि पार्किंगचं तिकीट तोंडात.

तिकडे ते अडीच वर्षं होते. मी ईदला फोन करायचो. ते विचारायचे, फरशी भरते काय? मी म्हणायचो, भरते. नईमनं एकदा सांगितलं की डॉक्टरांनी सगळं तपासलं, वयाचं विसरणं आहे, बाकी काही नाही. मग म्हणाला, "पण रेकॉर्ड खराब झाली ना त्यांच्या हातनं, तेव्हापासून कशाला हातच लावत नाहीत. माझं घड्याळ बंद पडलं तर म्हणतात, बाहेर दे." मी म्हणालो, वय आहे. फोन ठेवला. अडीच वर्षांत असे किती फोन झाले असतील? प्रत्येक वेळी पुढचं वाक्य माझ्याकडे तयार होतं. ते फार मोठंही नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात ते गेले. दुपारी झोपले आणि उठले नाहीत. नईमचा मेसेज आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होतो. मीटिंग पूर्ण केली.

शोकसभेत माझ्याइतकं चांगलं कुणी बोललं नाही. ग्लोरिया टीचर रडल्या. ओमानी बँकवाल्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला. सगळ्यांच्या मते चाचांच्या सर्वांत जवळचा मी होतो, आणि एका अर्थानं ते खरंही आहे. त्यांना मस्कतमधून मीच हलवलं. गाणं मला नको होतं म्हणून रेकॉर्ड वाकवली, आणि वाकवल्याचं नाव माझ्यावर नको म्हणून एका शहाण्या माणसाला त्याच्या डोक्यावर विश्वास ठेवू दिला नाही. याला दुसरं काही म्हणता येईल असं मला सापडलेलं नाही. मी शोधलंय.

वाकडी रेकॉर्ड अजून पेटीत आहे, शेवटून तिसरी. दुसरी अस्सल प्रत मिळाली नाही, त्यामुळे चाचांच्या आठवणीसाठी म्हणून सर्वांनी मिळून नियम मोडायचं ठरवलं. ते गाणं आता फोनवरून वाजतं. आवाजातला फरक कुणाला कळलेला नाही. श्रद्धांजली म्हणून ते दर शुक्रवारी दोनदा लावतात. फोन माझा आहे.