कमानीतले पिंपळ

पावसाळा सरला की आमच्या शेजारचे इनासमामा गावच्या दगडी पुलाच्या कठड्यावर पालथे पडून कमरेपासून खाली लोंबकळायचे आणि माझे वडील त्यांचे पाय धरून बसायचे. शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी असे लोंबकळताना बघून येणारे-जाणारे हसत. मामांना त्याचं काही नव्हतं.

पक्षी बिया टाकत आणि कमानीच्या सांध्यांत पिंपळ रुजत. आम्ही खाडीकाठचे हिंदू पिंपळ उपटत नाही. मामा ख्रिस्ती. "तू निस्ते पाय धर, वामन. पाप लागलं तं मला लागंल," असं वडिलांना सांगून ते रोपं मुळासकट काढायचे. शिवाय प्रत्येक रोप खाडीच्या काठावर नीट लावायचे, म्हणजे वडिलांच्या जिवाला घोर नको.

पूल त्यांच्या आजोबांच्या वेळचा. लाकडी साचा उभारून त्यावर दोन्ही काठांकडून दगड चढवत आणले, माथ्यावरचा मधला दगड ठोकून बसवला आणि साचा काढून घेतला. "परतेक दगूड पडाया बगते, बाजूचे त्याला पडू देत नाय. पन सांद्यात मूळ शिरलं का संपलं," हे मामा वर्गात सांगत, लग्नाच्या मांडवातही सांगत. चर्च आणि कब्रस्तान पलीकडच्या काठाला. मामीची शवपेटी त्याच पुलावरून गेली होती. "मलाबी हितूनच न्या," एवढंच त्यांचं मागणं होतं.

मग त्यांना अर्धांगवायू झाला. पाऊस सरल्यावर वडील एकटेच पुलावर गेले. रोपाला हात लावला, मागे घेतला, हात जोडले आणि परत आले.

"काडला?" मामांनी अंथरुणातून विचारलं.

"काडला, दादा."

मामा अर्ध्या तोंडाने हसले. पुढच्या वर्षी तेच, त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. दुसऱ्या कोणाला उपटायला सांगावं, तर खोटं उघडं पडलं असतं. तोवर विरारकडच्या नव्या इमारतींसाठी विटांचे ट्रक पुलावरून धावू लागले होते. पिंपळ मनगटाएवढा झाला, सांधे उघडले आणि एका दुपारी कमानीचा मधला भाग खाडीत गेला. मामांना कोणी कळवलं नाही. शेवटपर्यंत ते वडिलांना विचारत राहिले आणि वडील सांगत राहिले.

मामा गेले तेव्हा त्यांची पेटी होडीतून पलीकडे न्यावी लागली. वल्हं वडिलांच्या हातात होतं. फुटक्या कमानीखाली आल्यावर त्यांनी वल्हं आत घेतलं. वर दगडांतून तो पिंपळ हिरवागार बाहेर आला होता. वडील पेटीच्या पायथ्याशी सरकले. पूर्वी पाय धरायचे तसे त्यांनी पेटीचे दोन्ही कोपरे घट्ट धरले.

"दादा, काडला नाय मी," ते म्हणाले.

होडी पाण्याबरोबर वाहत चालली होती. वल्हं उचलायला कोणीच पुढे झालं नाही.